विषातली राखण

(यावल तालुक्यातल्या एका गावी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आज बोलायचंय ते सापाच्या विषातून जंतूंवरचं औषध शोधण्याबद्दल. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर मी पुढे बोलणार आहे त्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. थेट दवाखाना गाठायचा आणि प्रतिविष घ्यायचं. रात्री केळीला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी माझी खेप वाया गेली नाही.

घोणसचं विष वाळवलं की पिवळी भुकटी उरते. तो पिवळेपणा एका एन्झाइमचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचा. हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. कंपाउंडर जखमेवर ओततो आणि बुडबुडे येतात ना, तेच. त्यानं जिवाणू मरतात खरे, पण आपला-परका हा भेद पेरॉक्साइडला कळत नाही.

त्याहून कामाचे लहान रेणू, म्हणजे पेप्टाइड. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या अमिनो आम्लांच्या या आखूड साखळ्या. पट्टेरी मण्यारच्या विषातून संशोधकांनी 30 अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी केली, 2008 मध्ये तिची माहिती छापून आली. आपल्या बांधावर निघतो तो साधा मण्यार, हा त्याचा भाऊबंद. या साखळीवर धन भार, जिवाणूच्या आवरणावर ऋण. ती जाऊन चिकटते आणि आवरण फाडते. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स जंतूचा एखादा पुर्जा अडवतात. जंतू पुर्जा बदलून मोकळा होतो. अख्खं आवरण बदलणं त्याला जड जातं. अशक्य नाही, पण जड. मला यातलं सगळ्यात आवडतं ते असं, की या कुळातली पेप्टाइडं मुळात भक्ष्य मारण्यासाठी नाहीतच. ती जंतूंविरुद्धची राखण. त्याच कुळातलं 37 आम्लांचं एक पेप्टाइड तुमच्या-माझ्या अंगातही आहे.

परजीवींचं बघा. काळा आजार ज्या लीश्मानिया कुळातल्या जंतूंमुळे होतो, ते जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशीतच जाऊन राहतात; चोराचा मुक्काम पोलीस चौकीत! दक्षिण अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या विषातलं क्रोटामाइन पेशीच्या आत शिरू शकतं. प्रयोगशाळेत ते लीश्मानियावर आणि मलेरियाच्या परजीवीवरही चाललंय.

मघाशी मागून एका बाबांनी विचारलं, "मंग बजारमा काबर येस नई?" म्हणजे, मग हे औषध बाजारात का येत नाही? बाबा, बरोबर बोट ठेवलंत. रक्तातली एन्झाइमं पेप्टाइड चटकन तोडतात, काही पेप्टाइडं तांबड्या पेशीच फोडतात, आणि बनवायला खर्च फार. म्हणून साखळी आखूड करणं, तिच्यात आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी अमिनो आम्लं घालणं असे खटाटोप चालू आहेत. सापाच्या विषातून आलेलं अँटिबायोटिक अजून दुकानात नाही.

हृदयाचं औषध मात्र आहे. माळावर दगडाखाली बसतं ते फुरसं. त्याच्या विषातल्या एका पेप्टाइडवरून टायरोफिबान बेतलं, 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्या इंजेक्शनात विषाचा थेंब नसतो, रेणू सगळा कारखान्यातला. तेव्हा विषाला कोटीचा भाव आहे असं सांगत कोणी बरणी घेऊन दारात आला, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि बरणीत खरंच विष असेल, याची खात्री तो तरी कुठून देणार?