टँकरचं पाणी आणि टाकीतले मासे

टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, म्हणून आपल्या मासे पाळणाऱ्यांतले बरेच जण तो घेतात आणि सांगतात, "आमचं पाणी साडेतीनशे जड आहे." मंडळी, तो मीटर जडपणा मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहून तो विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो. चमचाभर मीठ टाका, आकडा चढेल. जडपणा आहे तिथेच राहील.

जडपणासाठी थेंबांचं किट घ्या. त्यात दोन चाचण्या असतात. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केएच म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. 5 मिली पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचं आणि रंग पालटेपर्यंत मोजायचं. बहुतेक किटांत एक थेंब म्हणजे एक अंश, लिटरला सुमारे 17.8 मिलिग्रॅम. 10 मिली पाणी घेतलं, तर तोच थेंब अर्ध्या अंशाचा होतो.

आता आपल्या पुण्याचं बघा. खडकवासला धरणातून येणारं नळाचं पाणी हलकं, बोअरचं बरंच जड. मे महिन्यात सोसायटीत टँकर लागतो आणि तो कुठून भरून आला हे वॉचमनलाही ठाऊक नसतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे 11 अंशही पिण्याजोगं आणि 34 अंशही! आपल्याला चहात फारसं कळत नाही, पण एका पाण्यातून एकदम दुसऱ्यात गेलेला निऑन टेट्रा मासा मरू शकतो. माझं मत विचाराल तर आकड्यामागे धावू नका, उडी टाळा. गप्पी, मोली जड पाण्यात मजेत राहतात. फार्ममध्ये वाढलेले टेट्राही मध्यम जड पाणी सोसतात, फक्त तो जडपणा रोज बदलायला नको. अंडी उबवायची असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून टाकीतलं पाणी तपासता, तसंच ओतायच्या बादलीतलंही तपासा.

केएचकडे मात्र कुणी बघत नाही. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. नळाचं पाणी आधीच हलकं, त्यात मासे जास्त आणि खाणंही सढळ, की केएच संपतं, आम्ल शोषायला काही उरत नाही आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; आम्ल वाढलं की तो घटतो) धाडकन कोसळतो. मग जिवाणूच मंदावतात. उपाय स्वयंपाकघरातच आहे: 100 लिटरला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा, केएच एक अंशाने वाढतं. बेकिंग पावडर नव्हे, आणि एका दिवशी एक-दोन अंशांपलीकडे नको.

जडपणा उतरवायचा असेल तर आरओचं पाणी मिसळा. 20 अंशांच्या पाण्यात तेवढंच घातलं की 10. पण आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी 'काटकसर' म्हणून टाकीत ओतू नका, ते तर आणखी जड असतं. घरगुती सॉफ्टनरही कामाचा नाही. तो कॅल्शियम काढून सोडियम देतो. उन्हाळ्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून घटलेली पातळी शक्यतो आरओच्याच पाण्याने भरा. सजावटीच्या दगडावर लिंबू पिळून पाहा. फसफसला तर तो पाणी जड करणारा, बाहेरच बरा.

चला, ज्यांनी तपासायला बाटलीतून पाणी आणलंय त्यांनी पुढे या. टँकरवाले आधी.