शेवटच्या पानावरची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैतला पाऊस कुडाळात कसा पडतो ते तुम्हाला सांगायला नको. अशाच एका संध्याकाळी वीज गेलेली, आमच्या पडवीत चार्जिंगचा दिवा लावलेला आणि त्याच्याभोवती दहावी-बारावीतली पाच मुलं बसलेली. मधे खाजाचा रिकामा डबा. डब्यात एक ते वीस आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या. एक मुलगी डोळे मिटून चिठ्ठी काढते, दिव्यासमोर धरते आणि ओरडते, "सतरा!" म्हणजे तिची होडी खाडीच्या तोंडावरच्या भोवऱ्यातून सुटली. बाकीचे चौघे टाळ्या पिटतात. खरं तर तिथे होडी नाही, खाडी नाही, भोवराही नाही. आहे ते सगळं बोलण्यात.

या खेळाला रोलप्लेइंग गेम म्हणतात. टेबलाभोवती नाहीतर चटईवर बसून खेळायचा. एकजण गोष्ट पुढे नेतो, तो गेम मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्याच्या तोंडून बोलतात. जमलं की फसलं हे फासे ठरवतात, त्यात वीस बाजूंचा फासा मुख्य. आमच्याकडे तो फासा तेव्हा नव्हता म्हणून चिठ्ठ्या. ज्यांनी दशावतार पाहिलाय त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरलेलं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरलेलं, पुढे रंगमंचावर उभं राहिल्यावर ज्याला जसं सुचेल तसं. आमच्या खेळात राजा जिंकणार की राक्षस हेसुद्धा आधी माहीत नसतं, एवढाच काय तो फरक.

त्या पावसाळ्यात एका मुलाने मला विचारलं, "काका, ह्या कोणी लिवल्यान? आणि आपण झेरॉक्स मारून वापरलेला चालता?" त्याच्या हातात नियमांची पानं होती. मी त्याला घाईत काहीतरी सांगू शकलो असतो. पण हा प्रश्न आपल्याकडे फार कमी लोक विचारतात, म्हणून नीट बसून बोललो. आज तुमच्याशीही त्याच विषयावर बोलायचं आहे.

हा खेळ पहिल्यांदा पुस्तकरूपाने आला १९७४ साली, अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तयार केला. पुस्तक म्हटलं की हक्क आला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यात एक गोष्ट पक्की आहे: नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या शब्दांत किंवा चित्रांत मांडली त्यांच्यावर असतो. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. तेव्हा फासा टाकून होडी वाचली का ते बघायचं, ही रीत कुणाच्या मालकीची नाही. पण ती रीत समजावून सांगणारा परिच्छेद, राक्षसाचं चित्र, गावाची रचलेली गोष्ट हे सगळं लिहिणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं, तो गेल्यानंतरही साठ वर्षं. म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स मारून वाटणं चालत नाही. मालकाने स्वतः चालेल असं सांगितलं, तरच.

आणि २००० साली मालकानेच तसं सांगितलं. तेव्हा हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आला होता. तिथल्या रायन डॅन्सी यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांपासून धडा घेऊन 'ओपन गेम लायसन्स' पुढे आणलं. नियमांचा गाभा सगळ्यांना खुला: घ्या, बदला, त्यावर नवीन पुस्तक लिहा, विका. पण पुस्तकातल्या मजकुराचे दोन कप्पे करायचे. कुठला भाग मोकळा ते स्पष्ट लिहायचं, आणि पात्रांची नावं, गोष्टी, चित्रं असा आपल्यापाशी राखून ठेवलेला भागही स्पष्ट लिहायचा. त्या लायसन्समधलं पंधरावं कलम मला फार आवडतं. तुम्ही ज्याच्याकडून मजकूर घेतलात त्याची हक्काची नोंद तुमच्या पुस्तकात छापायची. त्याने ज्याच्याकडून घेतला त्याचीही छापायची. आणि खाली आपली जोडायची. त्यामुळे काही पुस्तकांच्या शेवटी नावांची अशी यादी सापडते की वंशावळच वाचतोय असं वाटतं.

मराठी माणसाला यात काही परकं वाटायचं कारण नाही. डबलबारीच्या भजनात बुवा तुकोबांचा अभंग घेतात तेव्हा कुणाची परवानगी काढत नाहीत. चाल आपली लावतात, मधे गजर घालतात. पण शेवटी 'तुका म्हणे' येतंच. ते गाळून दाखवा, पुढच्या रांगेतला म्हातारा जागेवरून उठेल. एकनाथांनी तर 'एका जनार्दनी' म्हणताना आपल्या नावाला गुरूचंही नाव जोडून ठेवलं. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. अभंग कुणीही गावा, कुठेही न्यावा, त्याच्या वह्या कराव्यात, नाव मात्र त्याच्यासोबत चालत राहतं. शेकडो वर्षं हे कायद्याशिवाय पाळलं गेलंय.

राखून ठेवलेल्या कप्प्याचं म्हणाल, तर ते बागायतदारांना मी वेगळं समजवायला नको. हापूसचं कलम कुणीही बांधावं, कुठेही लावावं, कोण अडवतो? पण पेटीवर 'देवगड' लिहायचं असेल तर आत आंबा देवगडचाच हवा. दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने बाजारात गेला की आपला कसा संताप होतो, ते आठवा. कुणी मोकळे नियम वापरून खेळ केला आणि वर दुसऱ्याच्या पात्राचं नाव नि चित्र चिकटवलं, तर मूळ निर्मात्याचा अगदी तसाच संताप होतो.

आता किमतीकडे येऊ. खेळाडूचं मुख्य पुस्तक अमेरिकेत पन्नास डॉलरचं. आमच्या मुलांचा तो वर्षभराचा खाऊचा पैसा. त्यामुळे मोकळा मजकूर फिरत राहणं ही आमच्यासारख्यांसाठी हौसेची बाब नाही, त्याशिवाय आमच्या पडवीत खेळच झाला नसता. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये जे घडलं ते आम्हालाही लागलं. कंपनीच्या नव्या लायसन्सचा मसुदा बाहेर फुटला. तेवीस वर्षांपूर्वी दिलेली परवानगी यापुढे ग्राह्य नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा करणाऱ्यांनी वरच्या रकमेतले पंचवीस टक्क्यांपर्यंत पैसे द्यायचे, असं त्यात होतं. जगभर गदारोळ झाला. ज्यांचा वर्षाचा धंदा साडेसातशे डॉलरचाही नव्हता तेही चिडले, कारण प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि सुमारे चारशे पानांचा नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कुणालाही आपल्या कामाला लावता येणाऱ्या तयार मोकळ्या परवान्यांपैकी एका परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. अटी पाळणाऱ्याकडून ही परवानगी परत काढून घेता येत नाही. अटी मोजक्याच: श्रेय द्या, परवान्याचा उल्लेख करा, बदल केले असतील तर तसं लिहा.

मी मुलांना म्हटलं, कंपनीने शब्द पाळावा म्हणून आपण एवढे चिडलो, तर मग आपल्या बाजूचा शब्दही आपण पाळायचा. नाव द्यायचा कंटाळा करून चालायचं नाही.

त्यानंतर जे झालं त्याने मला खूप विचार करायला लावला. आमच्यातल्या एका मुलाने साठवलेल्या पैशांतून तीनशे रुपयांची एक पीडीएफ विकत घेतली. एका माणसाने एकट्याने लिहिलेलं काम. आत स्वच्छ लिहिलेलं, 'नियम आणि प्राण्यांच्या ताकदीचे आकडे मोकळे, गोष्ट आणि चित्रं आमची.' पोराने त्याच रात्री अख्खी पीडीएफ आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. मी विचारलं तर म्हणाला, "काका, ता ओपन आसा." मी त्याला ते पान उघडून दाखवलं. चूक त्याच्या लक्षात आली, फाइल काढली. मग रात्री जागून त्याने फक्त मोकळा भाग वेगळा टाइप केला, अकरा पानं झाली, खाली श्रेय नीट लिहिलं आणि मला विचारलं, "आता टाकू?"

आता त्याला अडवणारा कुठलाही कायदा नव्हता. तरी मी लगेच हो म्हणालो नाही. पुस्तक बाहेर येऊन पंधराच दिवस झालेले. बहुतेक लोक ते घेणार होते ते याच अकरा पानांसाठी. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हा भाग निर्मात्याने स्वतः मोकळा केलेला, आणि जो वाटला की लोक नाकं मुरडतात त्याला मोकळा तरी कसं म्हणायचं? वेंगुर्ल्याच्या ज्या मुलीकडे तीनशे रुपये नाहीत, तिचं काय? मी बराच वेळ गप्प होतो. मग त्याला म्हटलं, त्या माणसाला आधी कळव. विचारू नको, कळव. विचारलंस तर त्याने आधीच दिलेली परवानगी तू पुन्हा मागितल्यासारखं होईल, आणि नाही म्हणायचं ओझं त्याच्या डोक्यावर बसेल. कळवलंस तर त्याला निदान आपला मजकूर कुठे चाललाय ते समजेल.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, तुमचा हक्क आहे, मी नको म्हणणार नाही. चित्रकाराचे निम्मे पैसे अजून द्यायचे आहेत, तेवढे फिटेपर्यंत थांबलात तर बरं होईल. आणि हो, मगरीच्या आकड्यात छपाईची चूक आहे, तुमच्या प्रतीत ती दुरुस्त करा. पोरगा दिवाळीपर्यंत थांबला, आणि थांबला तेवढ्यात त्याने त्या अकरा पानांचं मराठी केलं. दिवाळीत जे वाटलं गेलं ते मूळ पुस्तकापेक्षा बरं होतं, मगर दुरुस्त झालेली होती. तो थांबला नसता तरी मी त्याला चोर म्हटलं नसतं. पण तो थांबला याचा मला आजही आनंद आहे.

देणाऱ्याच्या जागी उभं राहणंही मला एकदा चुकलं नाही. समुद्रातल्या किल्ल्याजवळ बुडालेल्या घंटेची एक मोहीम, म्हणजे खेळायची गोष्ट, मी लिहिली होती, चोवीस पानांची, आणि ती मोकळी सोडली होती. कुणीतरी ती रंगीत छापून दीडशे रुपयांना विकायला ठेवली. माझं नाव होतं, शेवटच्या पानावर, बदल केल्याची नोंदही होती. मला न कळवता केलं म्हणून दोन दिवस मी घुसमटलो. मग माझीच चोवीस पानं उघडली. पहिल्या पानावर मीच लिहिलेलं, वापरा, बदला, विका. विकायला नको असेल तर तसा वेगळा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्समध्येच आहे, मला तो निवडता आला असता. त्या माणसाने एकही अट मोडली नव्हती. मग माझी तक्रार कुठली? दुसऱ्या एकाने माझं नाव काढून स्वतःचं घातलं, त्याला मात्र मी कडक शब्दांत लिहिलं आणि ते पान उतरवून घेतलं.

सध्या मुलं त्या चारशे पानांतला सुरुवातीचा भाग मराठीत आणताहेत. शब्दांवरून रोज भांडण. पात्राची ताकद किती उरली ते दाखवणाऱ्या आकड्याला एकजण 'जीव' म्हणतो, एकजण 'प्राण'. एका मुलीने 'दम' सुचवलं आणि तेच राहिलं. शेवटच्या पानावर नावं लिहायची जागा आहे. वर मूळ कंपनी आणि परवाना, खाली आम्ही भाषांतर आणि बदल केल्याची नोंद, त्याखाली मुलांची नावं.

त्या मुलीने सोबत एक छोटी मोहीमही लिहिली. गावाच्या वेशीवर रात्री काठी आपटत फिरणारा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, आणि वाट चुकलेला पोस्टमन. गोष्ट तिच्या आजीने सांगितलेली. तिने मला विचारलं, आजीचं नाव घालायचं का? मी म्हटलं, आधी आजीला विचार. इथे कुठला छापील परवाना नव्हता, म्हणून विचारणंच भाग होतं. रविवारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. आजी वालीच्या शेंगा सोलत बसली होती. "माझा नाव कित्याक घालतस?" म्हणाली. नातीने पुन्हा समजावलं, ही गोष्ट आता कुणीही घेईल, बदलेल, दुसऱ्या गावात खेळेल. आजीने हातातली शेंग संपवली. मग म्हणाली, "घाल. पण जाग्याचा नाव घालू नको. तो राखणदार आमच्या गावचो आसा."

मोहिमेत त्या जागेवर आता एक रिकामी रेघ आहे. खेळणाऱ्याने आपल्या गावातली जागा तिथे भरायची. शेवटच्या पानावर नातीच्या वर आजीचं नाव आहे.

नमस्कार.