मुलांच्या रक्ताची मर्यादा मुलांवरूनच ठरावी

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी नॉर्मल रेंजच्या रकान्यावर जाते. आकडा आत असला की जीव भांड्यात पडतो, बाहेर असला की धाबं दणाणतं. पण रिपोर्ट लहान मुलाचा असेल, तर ती रेंज कुणाच्या रक्तावरून ठरली हे आधी विचारा. कित्येकदा ती मोठ्यांची असते, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

समजा, तीन वर्षांची मुलगी आहे. उंची ९५ सेंटिमीटर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.८ मिलिग्रॅम. मोठ्यांच्या रेंजमध्ये हा आकडा बिनबोभाट बसतो. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून, आणि एवढ्याशा जिवाला स्नायू ते किती! या वयात ते साधारण ०.२ ते ०.४ असतं. मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात याच्या अंदाजासाठी डॉक्टर वापरतात त्या श्वार्ट्झच्या सूत्राप्रमाणे उंचीला ०.४१३ ने गुणा आणि क्रिएटिनिनने भागा. उत्तर येतं ४९. क्रिएटिनिन ०.३५ असतं, तर ११२ आलं असतं. म्हणजे मूत्रपिंडांचं काम निम्म्याहून खाली गेलंय, आणि रिपोर्टवर साधी खूणही नाही. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अशा 'नॉर्मल' रिपोर्टची.

उलटही होतं. हाडं वाढत असताना अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतून आणि यकृतातून रक्तात येणारं एक विकर) मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असतं, आणि यकृत बिघडलं म्हणून आईवडील मुलाला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवतात. दोन महिन्यांच्या धडधाकट बाळाचं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास उतरतं, ते पुढे आपोआप सावरतं.

मग मुलांची रेंज ठरवायची कशी? निरोगी मुलांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे आणि मधले ९५ टक्के धरायचे. म्हणजे शंभरातली पाच निरोगी मुलं प्रत्येक तपासणीत रेंजबाहेर पडणारच, हे लक्षात असू द्या. अडचण पुढेच आहे. प्रत्येक गटात किमान १२० जण हवेत, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तान्ही बाळं वेगळी, शाळकरी मुलं वेगळी, आणि वयात येताना मुलगे-मुली वेगळे, कारण मुलींची वाढ आधी झपाट्याने होते. गट वाढत जातात. त्यात लॅबमध्ये रक्त येतं ते आजारी मुलांचं. निरोगी मुलाला कोण कशाला सुई टोचून घेऊ देईल?

कॅनडात टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयाने यावर 'कॅलिपर' प्रकल्प उभा केला. रुग्णालयात वाट बघत न बसता ते लोकांमध्ये गेले, आईवडिलांची संमती घेतली, प्रश्नावली भरून घेतली आणि रक्त घेतलं. २०१२ साली त्यांनी २,१८८ मुलांवरून ४० तपासण्यांच्या रेंज प्रसिद्ध केल्या, वयाप्रमाणे आणि जिथे फरक दिसला तिथे मुलगा-मुलगी वेगळं करून. काम खर्चाचं आणि चिकाटीचं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

आपल्याकडे २०१६ ते १८ या काळात मुलांच्या पोषणाची राष्ट्रीय पाहणी झाली. त्यातून लोह, फोलेट, बी-१२ यांची कमतरता किंवा अंगात दाह असलेली मुलं वगळून उरलेल्या ८,०८७ निरोगी मुलांचं हिमोग्लोबिन अभ्यासलं गेलं. रक्तक्षय ठरवायची खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने खाली निघाली. त्या मर्यादेने मोजलं तर रक्तक्षय ३० टक्क्यांऐवजी १०.८ टक्के मुलांत दिसतो. यावर वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा. कुपोषण असलेल्या देशात निरोगी कुणाला म्हणायचं, हा प्रश्न खरा आहे. कमतरता असलेली मुलं आधीच बाजूला काढली, म्हणून मला हा अभ्यास वजनदार वाटतो. पण त्यावरून लोहाच्या गोळ्या बंद करा, असं कुणी म्हणू नये. लोह कमी आहे का, ते फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून वेगळं बघता येतं. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळणाऱ्या भागांत तर रेंज ठरवताना त्याचीही तपासणी आधी करायला हवी.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या मुलाच्या शाळेत असा अभ्यास आला, तर किती रक्त घेणार, रिपोर्ट आम्हाला मिळणार का, मुलाचं नाव गुप्त राहील का, हे सगळं बिनधास्त विचारा. उत्तरं पटली आणि मूलही तयार असलं, तर हो म्हणा.