कंत्राटावर वसलेले बेट

बंधुभगिनींनो, गेल्या रविवारी इथे मॉरिशसमध्ये आमच्या घरी पंगतीतच वाद झाला. कापड कारखान्यांत कामाला आलेल्या बांगलादेशी मुलांमुळे सुटीच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, अशी कुरकुर चालली असता नातीने विचारले, "आजोबा, आपले पूर्वज बोटीतून उतरले तेव्हाही लोक असेच बोलले असतील ना?" जन्मभर मराठी शिकवलेल्या मला उत्तर सुचले ते क्रिओल या इथल्या बोलीभाषेत, आणि तेही सभेत सांगण्याजोगे नव्हते.

जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरच्या, ज्वालामुखीने घडवलेल्या या मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हतेच. ऊससुद्धा डचांनी 1639 मध्ये जावाहून आणला. फ्रेंचांनी गुलामांकडून मळे पिकवले, 1810 मध्ये इंग्रज आले, आणि 1835 मध्ये गुलामी संपताना मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर पुढे सुमारे साडेचार लाख कंत्राटी मजूर उतरले. रत्नागिरी-सावंतवाडीकडचे आपले लोक मुंबई बंदरातून आले. पणजोबांचा मजूर म्हणून झालेल्या नोंदणीचा क्रमांक आपण आज चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतो, गणेशोत्सवात झाकरी हा आपला लोकनाच रंगला की ती कथा पाहुण्यांना ऐकवतो. मग पाठीमागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मजुराचे नावही आपल्याला माहीत नसावे, हे मला खटकते.

1960 च्या कॅरोल वादळाने ऊस झोपवला, आणि पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याविषयी निराशेचा अहवाल दिला. तो खोटा ठरला, कारण 1970 पासून निर्यातीच्या कारखान्यांत आपल्याच लेकीबाळी शिवणयंत्रांवर बसल्या. त्यांच्या मिळकतीवर शिकलेली मुले बँकांत, हॉटेलांत गेली. रिकाम्या झालेल्या यंत्रांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर येथून माणसे आली. युरोपने साखरेला दिलेल्या हमीभावाचा करार 2009 मध्ये संपला. उसाच्या कितीतरी शेतांत आता बंगले उगवतात, आणि त्यांच्या विटाही बहुधा परकेच हात रचतात.

आपल्या आजोबांना कंत्राट संपल्यावर निदान राहता तरी आले. या मुलांना मुदत संपली की परतावे लागते. इकडे आपल्या घरांत पाळणे कमी हलतात, आणि शिकलेली नातवंडे कॅनडा-फ्रान्सला निघतात, जिथे परके म्हणवून घेण्याची पाळी त्यांच्यावर येईल. मग बेटावर कोण राबेल, आणि जो राबेल त्याला येथे राहू द्यायला आपण तयार आहोत का? नातीला अजून मी काहीच सांगितलेले नाही.