पुन्ता तोम्बोच्या घरट्यांचा हिशेब

श्रोतेहो,

मुंबईत राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांच्या छातीवर काळा पट्टा एकच असतो. त्यांच्याच जवळच्या नात्यातला, पण छातीवर दोन पट्टे मिरवणारा मॅगेलन पेंग्विन हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्याची सर्वांत अभ्यासली गेलेली वसाहत म्हणजे अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतातील पुन्ता तोम्बो.

पेंग्विन म्हटले की बर्फ डोळ्यांसमोर येतो. पुन्ता तोम्बोला मात्र बर्फ नाही. पॅटागोनियाचा हा अटलांटिक किनारा कोरडा, वाऱ्याने झोडपलेला आणि खुरट्या झुडपांचा आहे. पेंग्विन झुडपाच्या बुंध्याशी पायांनी माती उकरतात किंवा बीळ खणतात, आणि तेच त्यांचे घरटे. सप्टेंबरमध्ये नर आधी येतात, बहुधा गेल्या वर्षीच्याच बिळापाशी, आणि मान उंचावून गाढवाच्या ओरडण्यासारखी साद घालू लागतात. पाठोपाठ माद्या येतात. ऑक्टोबरमध्ये मादी एक अंडे घालते, सुमारे चार दिवसांनी दुसरे. मग जवळजवळ चाळीस दिवस आईबाप आलटून-पालटून ती उबवतात. एक अंड्यांवर उपाशी बसतो, दुसरा समुद्रात पोट भरून येतो. दोन्ही पिल्ले एकाच दिवशी बाहेर पडत नाहीत. आधी जन्मलेले थोडे मोठे असते आणि चोच पुढे करण्यात सरस ठरते. मासळी कमी पडली की धाकट्याच्या वाट्याला काही उरत नाही.

या वसाहतीचा पद्धतशीर अभ्यास 1982 साली सुरू झाला, तो एका अस्वस्थ करणाऱ्या प्रस्तावामुळे. एका जपानी कंपनीला हे पेंग्विन मारून त्यांच्या कातड्याचे हातमोजे करायचे होते. लोकांनी विरोध केला, तो बेत बारगळला, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉ. डी बोर्स्मा यांनी तेथे जे काम सुरू केले ते चार दशके चालू राहिले. त्यांच्या चमूने पेंग्विनांना क्रमांकाच्या पट्ट्या लावल्या, घरट्यांवर खुणा केल्या आणि हंगामामागून हंगाम त्याच बिळांपाशी जाऊन अंडी, पिल्ले आणि मृत्यू यांची नोंद ठेवली. मला या कामाविषयी मनापासून आदर वाटतो, कारण वीस-पंचवीस वर्षे जगणाऱ्या पक्ष्याची घट दोन-चार वर्षांच्या मोजणीत दिसतच नाही. पिल्ले मरत असतात आणि जुनी जोडपी दरवर्षी परतत असल्यामुळे किनारा भरलेलाच भासतो.

ही नोंद काय सांगते? 1983 ते 2010 या काळात सरासरीने शंभरांतील पासष्ट पिल्ले घरटे सोडण्याआधीच मेली, आणि त्यांत उपासमारीचा वाटा सर्वांत मोठा होता. पावसाचा आणि उष्म्याचा वाटा सरासरीने लहान; पण दोन वर्षे अशी आली की वादळी पावसाने निम्मी किंवा जवळजवळ निम्मी पिल्ले गेली. याचे कारण पिल्लाच्या अंगावरच्या लवेत आहे. ही मऊ, राखाडी लव कोरडी असेपर्यंत ऊब धरते, पण भिजली की थंडीपुढे काहीच उरत नाही. अगदी लहान पिल्लू आईबापाच्या पोटाखाली मावते. थोडे वाढले की मावत नाही, आणि पाणी झेलणारी पिसे मात्र अजून आलेली नसतात. या मधल्या आठवड्यांत पाऊस आला तर त्याला वाचवणारे कोणी नसते.

उष्म्याचे उदाहरण 19 जानेवारी 2019 चे आहे. त्या दिवशी सावलीतले तापमान 44 अंशांवर गेले आणि निदान 354 पेंग्विन मेले, त्यांत 264 प्रौढ होते. कित्येक प्रौढ समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर पोटावर पडलेले, पाय आणि पंख पसरलेले सापडले. पाणी दूर नव्हते. ते तेथपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

पुन्ता तोम्बोला 1979 पासून संरक्षण आहे आणि ते आवश्यकच आहे. पण कुंपण घातले जाते ते बिळाभोवती, आणि पेंग्विनाचे निम्मे आयुष्य त्या कुंपणाबाहेर समुद्रात जाते. एप्रिलपर्यंत वसाहत रिकामी होते आणि पक्षी उत्तरेला उरुग्वे, दक्षिण ब्राझीलपर्यंत पोहत जातात. या वाटेवर तेलाचा तवंग असतो. 1980 च्या दशकात चुबुतच्या किनाऱ्यावर तेलाने माखून दरवर्षी हजारो पेंग्विन मरत. पुढे तेलवाहू जहाजांचा मार्ग किनाऱ्यापासून दूर नेण्यात आला, तेव्हा हे मृत्यू बरेच कमी झाले. समुद्रात नरांपेक्षा माद्या जास्त मरतात, त्यामुळे प्रत्येक हंगामात जोडीविना बसलेले नर वाढत आहेत. अशा नराचे बीळ मोजणीत भरलेले दिसते, पण त्यात अंडे येत नाही.

याच किनाऱ्यावर, उत्तरेला एल पेद्राल येथे, 2008 च्या सुमारास मॅगेलन पेंग्विनांच्या मोजून सहा जोड्या आढळल्या. कचरा उचलला गेला, गाड्यांची वर्दळ थांबवली गेली, आणि आता तेथे काही हजार जोड्या घरटी करतात. पुन्ता तोम्बोत घट होत असताना पेंग्विन नव्या जागी वस्ती करत आहेत, आणि तेथेही सप्टेंबर आला की नर आधी येऊन बिळापाशी उभे राहतात.