अडीच किलोचं बाळ आणि दोन मिलिलिटर दूध

हे बाळ जन्मलं एका ग्रामीण रुग्णालयात. वजन अडीच किलो, रडलं पण चांगलं, सगळं ठीकच वाटत होतं, फक्त तोंडातून सारखा फेस येत होता, पुसला की परत यायचा. आईने अंगावर घेतलं तर पहिल्याच घोटाला जोरात ठसका लागला आणि ओठ निळे पडले. तिथल्या सिस्टरने लगेच दूध थांबवलं, डॉक्टरांनी तोंडातून बारीक नळी घालून बघितली तर ती दहा सेंटिमीटरवर अडली, पुढे जाईचना. अन्ननलिका मध्येच बंद होती आणि तिचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडला गेलेला. साधारण तीन-चार हजार बाळांमागे एखाद्याला जन्मतः असं असतं. त्या सिस्टरने दूध थांबवलं म्हणून ते फुप्फुसात गेलं नाही, आणि पुढे जे काही चांगलं झालं ना त्याची सुरुवात तिथून आहे.

मग 108 ची ॲम्ब्युलन्स, शहरातलं मोठं हॉस्पिटल, हृदयाची इको, किडनीची सोनोग्राफी, कारण अशा बाळांमध्ये कधीकधी तिथेही दोष असतो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. छातीच्या उजव्या बाजूने, दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं, श्वासनलिकेची ती चुकीची वाट बंद करायची आणि अन्ननलिकेची दोन टोकं एकमेकांना शिवायची. एकाच ऑपरेशनमध्ये असं जोडून बाळ वाचलं ते पहिल्यांदा 1941 साली, अमेरिकेत मिशिगनमध्ये, डॉ. कॅमेरॉन हाइट यांच्या हातून. त्याआधी अशी बाळं जवळपास सगळीच जायची.

ऑपरेशन काही तासांत संपलं. आता एनआयसीयूमधले, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले दिवस सुरू होतात, आणि सांगायचे आहेत ते हे दिवस.

वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यावर बाळ उताणं, डोकं थोडं वर. छातीतून एक नळी बाटलीत, नाकातून एक नळी पोटात, तोंडातून व्हेंटिलेटरची. नाकातल्या नळीच्या चिकटपट्टीकडे नीट बघा, ही नळी नव्या टाक्यांवरून खाली गेलीय, ती निघाली तर कुणीही परत घालायची नाही, आधी सर्जनना फोन. तोंडातली लाळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीवरही पेनाने खूण केलीय, तेवढीच आत जाणार, त्यापुढे टाके आहेत. मान मागे ताणायची नाही, कूस बदलताना दोन सिस्टर लागतात, एक डोकं धरते एक अंग. एवढ्याशा बाळाच्या अंगात रक्त दोनशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एक कपभर, त्यामुळे तपासणीला काढलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशोब चार्टवर लिहायचा.

आणि बाळ रडतं, पण आवाज येत नाही. व्हेंटिलेटरची नळी स्वरयंत्रातून गेलेली असते ना, म्हणून. कपाळावर आठ्या, डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडलेलं, आणि सगळं शांत. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सहन होत नाही. सिस्टर हाच चेहरा वाचून दुखण्याला मार्क देते आणि त्यावर औषधाचा डोस ठरतो. 1980 च्या दशकापर्यंत जगात कितीतरी ठिकाणी असं मानायचे की नवजात बाळाला दुखत नाही, म्हणून पुरेशी भूल आणि वेदनाशामक न देताच ऑपरेशनं व्हायची. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये यावर काम केलं आणि 1987 मध्ये दाखवून दिलं की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडतो, नंतरचा त्रासही कमी होतो. आज या बाळाच्या सिरिंज पंपात तेच औषध चालू आहे.

तिकडे आई अजून गावच्या रुग्णालयात. ती दूध काढून देते, बाबा बर्फाच्या डब्यात घालून एसटीने आणतात. घरी आजीने पाचवी पुजली, बाळ आणि बाळंतीण दोघंही नसताना. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, आवाज आला तो घोगरा, मांजराच्या पिल्लाएवढा, पण आला. त्याच संध्याकाळी नाकातल्या नळीतून पहिलं दूध, दोन मिलिलिटर, दर दोन तासांनी. मग पाच, मग दहा. ज्या बाळाच्या आईचं दूध पोचत नाही त्याला मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळू शकतं, देशातली पहिली मिल्क बँक मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. खरं तर ही सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी, आणि हे पुन्हा पुन्हा सांगायला पाहिजे.

सातव्या दिवशी डाय स्टडी. तोंडातून थोडं औषध पाजून एक्सरेखाली बघायचं, जोडावरून गळतंय का. बाबा दाराबाहेर उभे, हातात चप्पल, घालायचं भान नाही. आत स्क्रीनवर एक पांढरी रेघ सरळ खाली पोटापर्यंत गेली. गळती नाही. छातीतली नळी दुसऱ्या दिवशी काढली.

आई आता इथेच आलीय. सिस्टर म्हणते, "ताई, घाबरू नका, असं छातीशी धरा, डोकं वर ठेवा, मी आहे इथेच." आई आधी हात पुसते, परत पुसते, मग घेते. सिस्टरने ब्लाउजच्या आत, त्वचेला त्वचा लावून बाळ ठेवलं आणि वरून ओढणी गुंडाळली. मॉनिटरवर श्वास मोजला जातोय, तो हळूहळू खाली येतो. दूध आधी वाटी-चमच्याने, अगदी थोडं थोडं, मग अंगावर. मनगटावरच्या पट्टीवर अजून आईचंच नाव लिहिलंय, बारसं घरी गेल्यावर.

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर आईकडून सगळं परत म्हणवून घेते. पाजल्यावर अर्धा तास उभं धरायचं. मध नाही, बाळगुटी नाही, आजीला पण सांगायचं. खोकला काही महिने जरा वेगळाच, भुंकल्यासारखा येईल, ते अपेक्षित आहे, पण दूध पिताना निळं पडलं किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर थेट इथे यायचं, कारण जोड आकुंचन पावू शकतो आणि मग तो रुंद करून घ्यावा लागतो, तेही भूल देऊन. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू कराल तेव्हा सगळं मऊ, बारीक, गाठी नसलेलं.

"आणि पंधरा दिवसांनी ओपीडी, फाईल विसरू नका," सिस्टर म्हणते. बाबा फाईल पिशवीत घालतात आणि विचारतात, "सकाळी किती वाजता यायचं?"