खुलताबाद: घोंगडीच्या दोन घड्या

(दृश्य: दौलताबादचा घाट, वर खुलताबादची वेस, मागे पांढरे घुमट.)

दौलताबादचा किल्ला मागे टाकून वेरूळच्या वाटेला लागलं की घाट चढून खुलताबाद येतं. जुन्या माणसांच्या तोंडी गावाचं नाव अजून 'रोजा', म्हणजे समाधिस्थान. इथे चौदाशे अवलिया, म्हणजे सूफी संत, दफन आहेत असं गावात कुणीही सांगेल. तो आकडा श्रद्धेचा आहे, मोजदादीचा नाही. पण 14व्या शतकात दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांची चिश्ती परंपरा दख्खनेत रुजली ती याच डोंगरावर, यात शंका नाही.

1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादेला, हलवायचं ठरवलं. दरबारी, मौलवी, कारागीर, कवी, सगळी दिल्ली दक्षिणेला निघाली. त्या लोंढ्यात निजामुद्दीनांचे मुरीद, म्हणजे शिष्यही होते. कवी अमीर हसन सिज्झी होते, ज्यांनी आपल्या पीराची बोलणी 'फवाइद-उल-फुआद' या ग्रंथात टिपून ठेवली. त्यांची कबर इथेच आहे. आणि होते बुऱ्हाणुद्दीन गरीब.

(दृश्य: बुऱ्हाणुद्दीन यांचा दर्गा. अंगणात बसलेली माणसं.)

बुऱ्हाणुद्दीन यांची दिल्लीतली एक हकिकत ऐकण्यासारखी आहे. वय झालेलं, हाडं दुखायची. म्हणून ते घोंगडी दुमडून तिच्यावर बसू लागले. एवढंच. पण कुणीतरी जाऊन निजामुद्दीनांच्या कानावर घातलं, की बुऱ्हाणुद्दीन आता स्वतःच गादी मांडून पीर होऊन बसलेत. गुरूने बोलणंच टाकलं. बुऱ्हाणुद्दीन घरी गेले आणि शोक करत बसले. शेवटी अमीर खुसरो मध्ये पडले. स्वतःचा फेटा गळ्यात अडकवून, गुन्हेगारासारखे गुरूपुढे जाऊन उभे राहिले. तेव्हा कुठे माफी मिळाली.

आजच्या कानांना हे जरा अतिच वाटेल. म्हाताऱ्या माणसाची घोंगडी ती केवढी! पण चिश्तींचा सगळा भर इथेच होता. 'मी' कुठून आत शिरतो, यावर पहारा. माणूस उंच बसला की त्याला वाकून सलाम लागतो, सलाम आला की नजराणा येतो, आणि नजराण्यामागोमाग सुलतान. म्हणून खानकाहचा, म्हणजे सूफींच्या मठाचा, शिरस्ता साधा होता. कुणापुढे हात पसरायचा नाही. न मागता जे येईल त्याला 'फुतूह' म्हणायचं आणि ते साठवायचं नाही, लगेच वाटून टाकायचं. दारात आलेल्याला आधी जेवू घालायचं.

आणि समा. म्हणजे गाणं ऐकता ऐकता देहभान हरपणं. बुऱ्हाणुद्दीन यांना याचं वेड होतं, त्यांची डोलण्याची रीतच वेगळी मानली जायची. दौलताबादेत जैनुद्दीन शिराजी नावाचे विद्वान शिकवायचे, त्यांना हे गाणंबजावणं पसंत नव्हतं. पण ते बुऱ्हाणुद्दीन यांच्या सहवासात आले आणि त्यांचेच मुरीद झाले. 1337 मध्ये बुऱ्हाणुद्दीन गेले, तेव्हा परंपरा याच माणसाने पुढे चालवली.

(दृश्य: जैनुद्दीन यांच्या दर्ग्याचं प्रवेशद्वार.)

पुढे बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा याने दख्खनेतल्या सगळ्या शेखांकडून, म्हणजे सूफी गुरूंकडून, निष्ठेची शपथ मागितली. जैनुद्दीन यांनी नकार दिला. दारू पिणाऱ्या राजाची शपथ मी घेणार नाही, म्हणाले. शहर सोडा, असा हुकूम आला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की जैनुद्दीन यांनी खांद्यावर मुसल्ला, म्हणजे नमाजाची चटई, टाकला, थेट गुरूच्या कबरीशी गेले, काठी जमिनीत रोवली आणि बसले. उठवा आता कोण उठवतो ते! माघार सुलतानाने घेतली. दारूचे गुत्ते बंद झाले.

याच फिरिश्ताची दुसरी गोष्ट खानदेशची. आसिरगड जिंकल्यावर नासिरखान फारुकीने जैनुद्दीन यांना जमिनी देऊ केल्या. फकिराला जमीन काय करायची, म्हणत त्यांनी त्या नाकारल्या, आणि द्यायचंच असेल तर गावाला माझ्या गुरूचं नाव दे, असं सांगितलं. म्हणून तापीच्या एका काठाला बुऱ्हाणपूर, समोर जैनाबाद. गोष्ट छान आहे, फक्त हिशेब जुळत नाही. जैनुद्दीन वारले 1369 मध्ये, आसिरगड पडला त्यानंतर तीसेक वर्षांनी. गावांची नावं मात्र खरी.

(दृश्य: उघडी कबर, मातीत सब्जाचं रोप.)

राजे लांब ठेवायचे हा यांचा जन्मभराचा हट्ट. मेल्यावर मात्र तो चालला नाही. 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब वारला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. वर छत नाही. भोवतीची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची. 'खुल्द-मकान' ही त्याची मरणोत्तर पदवी, तिच्यावरून रोजाचं खुलताबाद झालं.

त्याचाच सरदार निजाम-उल-मुल्क, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळपुरुष. 1748 मध्ये त्याचा अंत झाला तो नेमका बुऱ्हाणपुरात. तिथून त्याला इथे आणलं, आणि ज्यांच्या नावाचं ते शहर, त्या बुऱ्हाणुद्दीन यांच्याच दर्ग्यात मातीआड केलं.